कार्ड खराब आहे

“साउंड सेक्शन गेलाय याचा.”

२००८ च्या मे महिन्यात, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, एका दुकानाच्या काउंटरवर टीव्ही ट्यूनर कार्डाचा खोका ठेवत मी हे वाक्य म्हटलं. आवाज चढवला नव्हता. उलट शांतपणे, थोडं कंटाळल्यासारखं, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बोलतात तसं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वाक्य खोटं होतं. पण मी खोटं बोलत नव्हतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात आणि तसं असेल तर माझ्याकडे दोष किती येतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

ज्यांनी पहिली मॅचच मोबाइलवर बघितली त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी तळहाताएवढी पाटी. मागच्या बाजूला केबलची जाड वायर खोचायला भोक. आत एक पत्र्याची डबी, ती ट्यूनर. ती हवं ते चॅनल पकडते. शेजारी एक काळी चिप. ती चित्राचे आकडे करून कॉम्प्युटरला देते. झाला कॉम्प्युटरचा टीव्ही. तेव्हा केबल ॲनालॉग होती, सेट टॉप बॉक्स लागत नसे, वायर खोचली की चॅनल दिसायचे. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. टीव्ही नव्हता, माझा कॉम्प्युटर होता, आणि आयपीएलचा पहिलाच सीझन चालू होता. वर्गणी काढून अकराशे रुपयांचं कार्ड आणलं. घरमालकांना विचारून त्यांच्या केबलला स्प्लिटर लावून वायर खाली ओढली.

अडचण एकच होती. कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं. उबुंटू ८.०४ नुकतं आलं होतं आणि त्याची सीडी तेव्हा मागितली की पोस्टाने फुकट घरी यायची. मी नव्याने धर्मांतर केलेल्या माणसाच्या उत्साहात होतो. “लिनक्सवर सगळं चालतं,” हे मी खोलीत इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते चालवून दाखवणं भाग होतं. ही गोष्ट इथे नमूद करून ठेवतो, पुढे लागेल.

कार्ड बसवलं, टीव्हीटाइम नावाचा प्रोग्रॅम उघडला. निळा पडदा. सिग्नल नाही.

लिनक्समध्ये काही चालेनासं झालं की पहिलं काम म्हणजे डीमेसेज ही आज्ञा देणं. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सुरू झाल्यापासून काय काय बघत आला ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. त्यात मला माझं कार्ड सापडलं, आणि त्याबरोबर एक रागावलेला माणूस सापडला. हे शब्दशः खरं आहे. माझ्या कार्डावर फिलिप्सची एसएए ७१३० ही चिप होती. तिचा लिनक्समधला ड्रायव्हर गेर्ड क्नोर नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिलेला; पुढे त्याचं आडनाव हॉफमन झालं. सुसे या लिनक्स कंपनीच्या लॅबमध्ये तो काम करायचा. माझ्यासारखं कार्ड दिसलं की हा ड्रायव्हर ‘त्रागा सुरू’ अशी खूण करून जे सांगतो त्याचा मतितार्थ असा : अभिनंदन! तुमच्या कार्डाच्या कंपनीने एका ईईप्रॉमचे चार पैसे वाचवलेत, त्यामुळे या कार्डाला सबसिस्टीम आयडी नाही आणि मला ते आपोआप ओळखता येत नाही. मग ‘त्रागा समाप्त’. मग : आता जरा बरं वाटलं, तर चांगली बातमी अशी की कार्डाचा नंबर तुम्ही स्वतः मला सांगू शकता, यादी खाली आहे.

रात्री अकरा वाजता, काळ्या पडद्यावर, एक अनोळखी माणूस माझ्या वतीने कुठल्यातरी कारखान्याला बोल लावत होता आणि मग बाह्या सरसावून म्हणत होता की चला, आता बघू काय करता येतं. मला हसू आलं.

त्याच्या रागाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पीसीआय कार्ड कॉम्प्युटरला दोन गोष्टी सांगतं. एक, माझ्यावरची मुख्य चिप कोणती. दुसरी, ही चिप वापरून मला कोणी आणि कसं बनवलं. दुसरी माहिती म्हणजे सबसिस्टीम आयडी, सगळी मिळून चार बाइट. ती एका आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये ठेवतात, तीच ईईप्रॉम. पत्त्यात सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅट नंबर नाही, तसं माझं कार्ड होतं. फिलिप्सची चिप आहे एवढं ड्रायव्हरला दिसत होतं, पण तिला कुठल्या जातीचा ट्यूनर जोडलाय, आवाज कुठल्या वाटेने जातो, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी कार्ड काढून दिव्याखाली धरलं. ईईप्रॉमची जागा पाटीवर छापलेली होती. आठ ठिपके, वर चिप नाही.

विंडोजवर हा प्रश्न का येत नाही? कारण खोक्यातली सीडी त्याच खोक्यातल्या कार्डासाठी असते. ती ‘तू कोण?’ असं विचारतच नाही. कारखान्याने वाचवलेल्या पैशांची किंमत त्यामुळे कारखान्याला कधी दिसत नाही. ती दिसते ती दुसऱ्याच कोणालातरी, भलत्याच देशात, रात्री अकरा वाजता.

आणि त्या सगळ्या मजकुरातली माझी सर्वात आवडती ओळ वेगळीच होती. बोर्ड : अननोन ऑब्लिक जेनेरिक, कार्ड=०, ऑटोडिटेक्टेड. म्हणजे, हे कार्ड मला माहीत नाही, हे मी आपोआप ओळखलेलं आहे. तेव्हा मी मित्रांना ती ओळ विनोद म्हणून वाचून दाखवली होती.

मग नंबर लावायला बसलो. यादीत शंभराहून अधिक कार्डं. ड्रायव्हर कर्नलमधून काढायचा, मॉडप्रोबने नवा नंबर देऊन परत घालायचा, टीव्हीटाइम उघडायचा, चॅनल शोधायचा, निळा पडदा बघायचा, बंद करायचा. ट्यूनरचा नंबर वेगळा द्यायचा. आपल्याकडची केबल पाल-बी पद्धतीची, म्हणून ट्यूनरला ५, म्हणजे फिलिप्सचा पाल बीजी, असं धरून चाललो. एका-दोन नंबरांवर मशीनच गोठलं. दीड वाजता दोघं झोपले. दोनच्या सुमारास पडद्यावर मुंग्या आल्या, मग मुंग्यांतून एक बातम्यांचं चॅनल वर आलं, रंगीत, खालची पट्टी सरकताना स्पष्ट वाचता येत होती. मी एकटाच ओरडलो. (तो नंबर इथे देत नाही. तुमचं कार्ड दुसरं असेल तर तो चुकीचा ठरेल, आणि तसंही आता तुमच्याकडे ते कार्ड नसेल.)

निवेदिकेचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

७१३० ही चिप चित्राची. तिच्या वाटेने आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. कार्डापासून साउंड कार्डाच्या लाइन-इनपर्यंत एक छोटी वायर जोडायची असते. ती जोडली होती. काढून परत जोडली. दुसरी जोडली. वायरचं दुसरं टोक हेडफोनला लावायचं मात्र सुचलं नाही. आणखी नंबर बघितले. चार वाजता मी खुर्चीवर मागे रेललो आणि मनात म्हटलं, कार्ड खराब आहे.

त्या क्षणाकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो, कारण त्यात नेमकं काय घडलं ते मला आता बऱ्यापैकी दिसतं. मला नवं काही कळलेलं नव्हतं. चारला पाच मिनिटं असताना जेवढं माहीत होतं तेवढंच चार वाजता माहीत होतं. बदललं होतं ते एवढंच की मी थकलो होतो. ‘मी थकलोय’ हे वाक्य आणि ‘कार्ड खराब आहे’ हे वाक्य, दोन्हींनी काम थांबतं. पण पहिल्याने थांबवलं तर कमीपणा माझ्याकडे येतो आणि लिनक्सकडे येतो. दुसऱ्याने थांबवलं तर तो एका पाटीकडे जातो. पाटीला काय फरक पडतो?

पाटीला पडत नाही. पण पाटी कोणीतरी विकलेली असते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकानात ही गर्दी. ज्या मुलाने कार्ड दिलं होतं तोच काउंटरवर होता. मी वरचं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, “चालू पीस आहे दादा, इथं लावून बघू का?” मी म्हटलं, “अरे, रात्रभर बघितलंय मी. व्हिडिओ येतोय, ऑडिओ नाही. चिपपासून पुढे सिग्नलच नाहीये.” हे शेवटचं वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. मी सिग्नल मोजलेला नव्हता, माझ्याकडे मोजायला काही नव्हतं. मालकांनी गल्ल्यावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीवरच्या कॉलेजच्या सॅककडे बघितलं, आणि त्या मुलाला म्हणाले, “बघून देत जा म्हणून किती वेळा सांगायचं? दे बदलून त्यांना. हे तुझ्या हिशोबात टाकतो.” मुलगा काही बोलला नाही. नवा खोका दिला.

मी खोलीवर आलो, नवं कार्ड बसवलं, रात्रीचाच नंबर दिला. लख्ख चित्र. आवाज नाही.

आता एकाच दुकानातली दोन कार्डं, दोघांचा नेमका आवाजच गेलेला, असं होऊ शकतं. पण तसं म्हणायला स्वतःलाच लाज वाटली. मग मी जे काल करायला हवं होतं ते केलं : कार्डापासून सुरुवात न करता माझ्या कानापासून सुरुवात केली. स्पीकर, ठीक. गाणं वाजतंय, ठीक. मग साउंड कार्डाचं मिक्सर, अल्सामिक्सर. उभे खांब, खाली नावं. मास्टर, पीसीएम, आणि उजवीकडे कोपऱ्यात लाइन. लाइनच्या खांबाखाली दोन अक्षरं : एम एम. म्यूट. मी कीबोर्डवरचं एम दाबलं. एम एमचं ओ ओ झालं आणि खोलीभर कुठल्यातरी साबणाची जाहिरात घुमली.

दोन्ही कार्डं ठणठणीत होती. त्या मुलाच्या हिशोबात अकराशे रुपये लागले होते.

माझ्या बचावाचं वाक्य त्याच दिवशी तयार झालं आणि ते फार मजबूत आहे असं मला वाटायचं : मी प्रामाणिकपणे चुकलो. मला खरंच वाटत होतं की कार्ड खराब आहे. फसवायचं नव्हतं. माणूस आपल्याला जे खरं वाटतं तेच बोलला, तर त्याचा दोष काय?

काही वर्षांनी विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाचा १८७७ चा एक निबंध वाचला, श्रद्धेच्या म्हणजे काहीही खरं मानण्याच्या नीतीविषयीचा. क्लिफर्ड अवघा तेहेतीस वर्षं जगला. त्याच्या निबंधाची सुरुवात एका जहाजमालकाने होते. जहाज जुनं आहे, त्याची दुरुस्ती झालेली बरी, असं मालकाला आतून वाटत असतं. पण दुरुस्ती म्हणजे खर्च. तो स्वतःची समजूत घालतो : इतकी वादळं बघितली या जहाजाने, याही वेळी परत येईल, देव आहे. हळूहळू त्याला ते मनापासून खरं वाटू लागतं. जहाज माणसं घेऊन निघतं आणि समुद्रात बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तरीही तो त्या माणसांच्या मृत्यूचा दोषी आहे, कारण त्याच्यापुढे जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. विश्वास त्याने तपासून कमावला नव्हता, शंका दाबून मिळवला होता.

हे वाचताना मला चार वाजताची खुर्ची आठवली. मीही शंका दाबली होती. ‘लिनक्सवर सगळं चालतं’ हे माझं जहाज होतं. आणि दुकानात त्या मुलाने लावून बघू का म्हटलं तेव्हा ती शंका दोन फुटांवर उभी राहून बोलत होती. मी तिला चिप आणि सिग्नल असे शब्द फेकून गप्प केलं.

क्लिफर्डवर विल्यम जेम्सने जवळजवळ वीस वर्षांनी टीका केली. त्याचं म्हणणं साधारण असं की काही प्रसंगी पुरावा पुरेसा होईपर्यंत थांबता येत नाही, आणि न ठरवणं हाही एक निर्णयच असतो. मला जेम्स पटतो, पण त्याचा आधार मला इथे घेता येत नाही. तो ज्या निवडींविषयी बोलतो त्या जिवंत आणि अटळ असतात. संध्याकाळची मॅच चुकली असती तर काहीही झालं नसतं. शिवाय मला निर्णय घ्यायला कोणी मनाई केली नव्हती. कार्ड परत न्यायला हरकत नव्हती. हरकत होती ती वाक्याला. मी जर दुकानात म्हटलं असतं, “चित्र येतंय, आवाज येत नाहीये, लिनक्स आहे, वायर बदलून बघितली, कारण कळलं नाही,” तर त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि त्या वाक्यानंतर कोणाच्याही हिशोबात काही टाकता आलं नसतं. तिथेच कार्ड लावून बघावं लागलं असतं.

ड्रायव्हरचं ते विनोदी वाटलेलं वाक्य मला तेव्हापासून विनोदी वाटत नाही. अननोन, ऑटोडिटेक्टेड. त्या प्रोग्रॅमकडे माझ्यापेक्षा जास्त पुरावा होता. त्याने चिप थेट वाचली होती. तरी तो म्हणाला, मला माहीत नाही. कारखान्यावर त्याने राग काढला, पण माझं कार्ड खराब आहे असं एकदाही म्हटलं नाही.

आता तू आणि तुम्ही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. तो मला दादा आणि तुम्ही म्हणत होता, मी त्याला अरे-तुरे करत होतो. वयाने तो माझ्याएवढाच असेल, कदाचित एखाद्या वर्षाने मोठाही. त्याच्या हातून दिवसाला किती कार्डं जात असतील! मी आयुष्यात पहिलं कार्ड आदल्या रात्री पाहिलं होतं. ज्ञान कोणाकडे होतं हे उघड आहे. तरी मालकांनी माझं मानलं आणि मी स्वतःही माझंच मानलं. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंचं २००७ सालचं एक पुस्तक याच विषयावर आहे : माणूस कोण आहे यावरून त्याच्या सांगण्याला कमी वजन दिलं जातं, तेव्हा त्याच्यावर ‘जाणणारा’ म्हणून अन्याय होतो. पुस्तक चांगलं आहे, पण मराठी माणसाला हे कळायला पुस्तक लागू नये. आपल्या भाषेत हा अन्याय क्रियापदाच्या शेवटी लावलेला असतो.

त्या रात्रीचा अजून एक हिशोब आहे आणि तो मी आजवर चुकवलेला नाही. ड्रायव्हरने मला जी यादी दाखवली ती आली कुठून? कंपन्यांनी सगळी दिली नव्हती. माझ्यासारख्याच पाट्या घेऊन बसलेल्या लोकांनी ती बरीचशी भरली. चित्र आलं, आवाज नाही, अशा वेळी खरं कारण कित्येकदा जीपीआयओ असतं. चिपला काही रिकाम्या तारा असतात, त्या कशाला जोडायच्या हे कार्ड बनवणारा ठरवतो. कोणी त्यांवर टीव्ही, रेडिओ आणि लाइन यांच्यातला आवाजाचा स्विच बसवतो. तो कसा फिरवायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग लोक काय करायचे, तर तीच पाटी विंडोजवर चालवायचे, रेगस्पाय नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने चिपच्या कप्प्यांत काय आकडे आहेत ते वाचायचे, टीव्ही लावून एकदा, रेडिओ लावून एकदा, बंद करून एकदा, आणि ते आकडे लिनक्सकडे आणून द्यायचे. २००५ च्या सुमारास हे सगळं सांभाळायचं काम क्नोरकडून मॉरो कार्व्हालो चेहाब या ब्राझीलच्या माणसाकडे गेलं. ब्राझीलचा टीव्ही पाल-एम, आपला पाल-बी. माझ्या केबलवरचं चॅनल त्याच्या घरी दिसलंच नसतं. तरी त्याच्या हाताखालून माझी खोली उजळली.

आणि या सगळ्याच्या परवान्यात, जीपीएलमध्ये, स्वच्छ लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. अकराशे रुपयांच्या खोक्यावर मात्र एक वर्षाची हमी होती. मला याची गंमत वाटते. ज्याने हमी दिली त्याने चार बाइट दिले नाहीत. ज्याने हमी नाकारली त्याने शंभरावर कार्डांची यादी दिली. कायद्याने माझं काही देणं कोणाला लागत नव्हतं. पण मला चालणारा नंबर माहीत होता, एलएसपीसीआयचे आकडे माहीत होते, एक ईमेल पाठवला असता तर पुढच्या माणसाची निदान एक रात्र वाचली असती. मी पाठवला नाही. आयपीएल बघत होतो.

सोळा दिवस मी तापकीर गल्लीत गेलो नाही. सायकलने पंधरा मिनिटांचा रस्ता. कारणं होती : सबमिशन, पाऊस येईल असं वाटतंय, मालकांनी तो नुसता दम दिला असेल, दुकानदार लोकांचं कंपनीकडून रिप्लेसमेंट होतंच. शेवटचं कारण सगळ्यात गोड, कारण त्यात पैसे कोणाचेच जात नाहीत. आज फोनवर एक तारा देऊन ‘खराब वस्तू मिळाली’ वर बोट ठेवताना हेच कारण आपल्या मनात असतं असा मला संशय आहे. परतावा कंपनी देते. मग ती तो कोणाच्या हिशोबात टाकते, हे ॲपमध्ये दिसत नाही. काउंटरच्या पलीकडचा चेहरा निदान मला दिसला तरी होता.

एक जूनला फायनल झाली, राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं. आम्ही चौघांनी ती त्या कार्डावर बघितली, आवाजासकट. दुसऱ्या दिवशी मी गेलो.

मालक नव्हते. तो होता. मी सगळं तयार करून गेलो होतो, खिशात अकराशे रुपयेही होते, त्यातले सातशे उसने. म्हटलं, “त्या दिवशी मी कार्ड बदलून नेलं ना, ते चांगलं होतं. चूक माझी होती.”

“माहितीये,” तो म्हणाला.

त्याने ते कार्ड त्याच रात्री घरी नेऊन भावाच्या कॉम्प्युटरवर लावलं होतं. चित्र, आवाज, सगळं ठीक. सोमवारी सकाळी मालकांना दाखवलं आणि दुपारी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून टाकलं. हिशोबातून नाव निघालं. म्हणजे नुकसान कोणाचंच झालं नव्हतं. माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं, हे मी नाकारत नाही. क्लिफर्ड मात्र त्याच्या निबंधात लगेच पुढे म्हणतो, आता गोष्ट जरा बदला, समजा जहाज बुडालं नाही, सुखरूप परत आलं. मालकाचा दोष कमी झाला का? तो म्हणतो, तसूभरही नाही. मी तेव्हा क्लिफर्ड वाचला नव्हता. पण अकराशे रुपये खिशात तसेच ठेवून मी उभा होतो आणि मला जावंसं वाटत नव्हतं.

मी विचारलं, “मग त्या दिवशी बोलला का नाहीत?” तुम्ही म्हणालो, हे माझ्या कानाला तेव्हा जाणवलं.

“बोललो की. लावून बघू म्हटलं होतं.”

यावर मला काही सुचलं नाही. त्याने काउंटर पुसला. मग म्हणाला, “पण आवाज कशामुळं येत नव्हता?”

मी सांगितलं. लिनक्स, लाइन-इन, म्यूट. त्याने लिनक्सवर कार्ड कसं ओळखलं जातं विचारलं, कॉलेजची पोरं येऊन विचारतात म्हणाला, आम्हाला सांगता येत नाही. मी नंबरांचं सांगितलं. त्याने मागच्या फळीवरून त्याच कार्डाचे राहिलेले पाच-सहा खोके खाली काढले, खिशातला पेन काढला, आणि प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायला घेतलं.

“परत सांगा,” तो म्हणाला. “कार्ड किती?”